माइक निवडण्यापूर्वी

एकेकाळी ध्वनिमुद्रण म्हटले की आकाशवाणीचे केंद्र किंवा चित्रपटसंगीताचा स्टुडिओ एवढीच ठिकाणे डोळ्यांसमोर येत. आज तसे राहिलेले नाही. इंदूरमधील एखादी गृहिणी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक वाचून त्याचे ध्वनिमुद्रण करते. बडोद्यात स्थायिक झालेला एखादा निवृत्त शिक्षक नातवंडांसाठी गोष्टी सांगून त्या साठवून ठेवतो. कोणी शेतीविषयी, कोणी नाटकाविषयी, कोणी आपल्या गावाच्या इतिहासाविषयी दर आठवड्याला बोलतो आणि ते बोलणे इंटरनेटवरून दूरदूरच्या गावी ऐकले जाते. अशा कार्यक्रमांसाठी 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली ब्रिटनमधील 'द गार्डियन' या दैनिकातील एका लेखात प्रथम आला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. आता तो मराठीतही परका वाटत नाही.

या कामाला हात घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो माइकचा. कोणता माइक घ्यावा? दुकानदार एक नाव सांगतो, ओळखीचा तरुण दुसरे सुचवतो, जाहिरातीत तिसरेच झळकते. अखेर काही हजार रुपये खर्चून माइक घरी येतो, मोठ्या उत्साहाने पहिले ध्वनिमुद्रण होते आणि ते ऐकताना चेहरा उतरतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, मागे पंख्याची घरघर सतत चालू असते, शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिटी मात्र अगदी स्पष्ट उमटलेली असते. दोष माइकचा आहे असे समजून आणखी महाग माइक घेण्याचा विचार सुरू होतो. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण माइकने आपले काम चोख केलेले असते. त्याने त्या खोलीत जे काही होते ते सारे टिपलेले असते.

ध्वनिमुद्रणातील हा दोष केवळ कानाला खटकतो एवढ्यावर भागत नाही. पुस्तक डोळ्यांनी वाचणाऱ्याचा एखादा शब्द निसटला तर त्याची नजर सहज मागे वळते. ऐकणाऱ्याला तसे करणे अवघड जाते आणि ज्याला दिसत नाही त्याच्यापाशी तर कानाखेरीज दुसरा आधार नसतो. मराठीत 'पूल' आणि 'फूल', 'दार' आणि 'धार', 'ताट' आणि 'थाट' यांतील भेद एका छोट्याशा श्वासावर अवलंबून असतो. ज्यांना आपण महाप्राण वर्ण म्हणतो, त्यांच्या उच्चारात तोंडातून थोडी अधिक हवा बाहेर पडते. ही हवा म्हणजे क्षणभराची एक हलकी फुसफूस असते. पंख्याचा आवाजही त्याच जातीचा, म्हणजे अनेक वारंवारतांची सरमिसळ असलेला असतो. म्हणून पंखा जोरात असेल तर सर्वांत आधी बुडतो तो हा महाप्राण. वाक्याच्या संदर्भाने श्रोता अर्थ लावून घेतो हे खरे, पण तासभर असे अर्थ लावत बसणे थकवणारे असते. असा श्रोता तक्रार करीत नाही. तो ऐकणे थांबवतो.

माइक काय करतो हे समजून घेण्यासाठी, तो नव्हता त्या काळाकडे क्षणभर पाहणे उपयोगी पडेल. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात प्रसिद्ध गायिका गोहरजान यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीसाठी मुद्रित झाले. तेव्हा गायकासमोर एक मोठा कर्णा ठेवलेला असे. आवाजाच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकावरील पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. मध्ये विजेचा कोठेही संबंध नव्हता. त्यामुळे कर्ण्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजात गाण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण प्रचारात आले आणि कर्ण्याची जागा माइकने घेतली. हलक्या आवाजाचेही विजेत रूपांतर होऊन तो हवा तितका मोठा करता येऊ लागला. कुजबुजही मुद्रित होऊ लागली. त्याबरोबर खुर्चीची करकर आणि कागदाची सळसळही मुद्रित होऊ लागली, हे ओघाने आलेच.

मराठीत माइकसाठी 'ध्वनिक्षेपक' हा शब्द वापरतात आणि गंमत अशी, की तोच शब्द भोंग्यासाठीही सर्रास वापरला जातो. क्षेपक म्हणजे फेकणारा. माइक आवाज फेकत नाही, तो घेतो. या पाठात म्हणून लोकांच्या तोंडी असलेला 'माइक' हाच शब्द ठेवला आहे.

प्रत्येक माइकमध्ये एक नाजूक पडदा असतो. बोलताना हवेत निर्माण होणाऱ्या ध्वनिलहरी त्या पडद्यावर आदळतात, पडदा कंप पावतो आणि त्या कंपनांपासून विद्युत संकेत तयार होतो. संकेत कसा तयार होतो यावरून माइकचे दोन मुख्य प्रकार पडतात. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते. विज्ञानाच्या पुस्तकात फॅरडेच्या नावाने शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. सभेत किंवा कीर्तनात हातात धरतात तो माइक बहुधा या जातीचा असतो. तो दणकट असतो, त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही आणि हातून पडला तरी सहसा बिघडत नाही.

दुसरा प्रकार कंडेन्सर माइकचा. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी १९१६ साली तो विकसित केला. यात केसापेक्षाही कितीतरी पातळ असा विद्युतवाहक पडदा एका स्थिर पट्टीसमोर ताणलेला असतो आणि दोहोंवर विद्युतभार असतो. पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते आणि त्या बदलाचा संकेत बनतो. पडद्याला वेटोळ्याचे ओझे वाहायचे नसल्यामुळे तो फार बारीक कंपनेही टिपतो. आवाजातील तलमपणा, श्वासाचा स्पर्श, 'स' आणि 'श' यांतील फरक तो सुरेख पकडतो. मात्र त्याला वीज लागते. व्यावसायिक उपकरणांत ती ४८ व्होल्टची असते आणि माइकच्याच तारेतून पुरवली जाते. १९६२ साली गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमस्वरूपी विद्युतभार धारण करणारा इलेक्ट्रेट पडदा तयार केला आणि कंडेन्सर माइक लहान व स्वस्त झाला. कॉलरला लावायचा चिमुकला माइक हे त्याचेच अपत्य.

कंडेन्सर माइक घरातला गोंगाट जास्त पकडतो, म्हणून घरी डायनॅमिकच घ्यावा, असा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही, पण त्यामागचे कारण बहुधा उलटे सांगितले जाते. डायनॅमिक माइकला पंखा आणि माणूस यांतील भेद कळत नसतो. त्याची संवेदनक्षमता कमी असल्यामुळे तो तोंडाच्या अगदी जवळ घ्यावा लागतो आणि जवळ घेतल्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज खोलीच्या मानाने पुष्कळ मोठा होतो. कंडेन्सर माइक दोन हातांवर ठेवूनही आवाज पुरेसा मोठा येतो. म्हणून लोक तो दूर ठेवतात आणि खोली ऐकू येऊ लागते. खरा फरक पडतो तो अंतराने.

हे अंतराचे गणित एकदा समजले की अर्धे काम झाले. उघड्या जागेत आवाजापासूनचे अंतर निम्मे केले, तर त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. समजा, टेबलावरचा माइक तोंडापासून ८० सेंटिमीटरवर आहे. तो ४० सेंटिमीटरवर आणला तर ६ डेसिबल मिळाले आणि २० सेंटिमीटरवर आणला तर आणखी ६. अंगठा आणि करंगळी ताणली की होणारी वीत साधारण एवढीच भरते. छतावरचा पंखा आणि भिंतींवरून परतणारे आवाज यांची माइकपाशी असलेली पातळी मात्र या हालचालीने फारशी बदलत नाही. म्हणजे एक पैसाही खर्च न करता आवाज गोंगाटाच्या १२ डेसिबल वर आला. माइक बदलून एवढा फायदा क्वचितच पदरात पडतो.

माइक कोणत्या दिशेने ऐकतो, हा यानंतरचा मुद्दा. काही माइक चहूबाजूंनी सारखेच ऐकतात. त्यांना सर्वदिशी म्हणता येईल. घरगुती कामासाठी अधिक उपयुक्त ठरतो तो समोरून नीट, बाजूंनी कमी आणि मागून जवळजवळ काहीच न ऐकणारा माइक. त्याच्या श्रवणक्षेत्राची आकृती कागदावर काढली तर ती हृदयाच्या आकाराची दिसते, म्हणून त्याला कार्डिऑइड असे नाव पडले. असा माइक हाती असेल तर खोलीतील त्रासदायक आवाज कोठून येतो ते आधी पाहावे आणि माइकची पाठ तिकडे करावी. खिडकी रस्त्यावर उघडत असेल, तर बोलणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसावे, म्हणजे माइकची बहिरी बाजू आपोआप खिडकीकडे होते. खिडकीकडे पाठ करून बसल्यास माइक बोलणाऱ्याच्या खांद्यावरून सरळ रस्ताच ऐकत राहतो. टेबलावर उभ्या राहणाऱ्या अनेक जाड माइकचे तोंड टोकाला नसते, पोटाच्या बाजूला असते. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण महिनोन्महिने माइकच्या डोक्यावर बोलत राहतात आणि आवाज दबलेला का येतो म्हणून कोड्यात पडतात. पुस्तिकेतील आकृती पाहण्याचे पाच मिनिटांचे कष्ट येथे सत्कारणी लागतात.

अशा एकदिशी माइकचा आणखी एक स्वभाव आहे. तोंड त्याच्या फार जवळ गेले की आवाजातील खर्ज फुगतो. निवेदकांना हा भारदस्तपणा आवडतो आणि बरेच जण तो मुद्दाम साधतात. परंतु वाचनाच्या कामात तो लवकर जड होतो आणि तोंड जरा मागेपुढे झाले की प्रत्येक वाक्याला आवाजाचा रंग बदलतो. चार बोटांपेक्षा जवळ जाऊ नये आणि वितीपलीकडे जाऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

जवळून बोलण्याची एक किंमत चुकवावी लागते, ती म्हणजे हवेचे फटके. प, फ, ब, भ हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटून एकदम उघडतात आणि हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो. मुद्रित आवाजात तेथे 'धप्' असा ठोका ऐकू येतो. इंग्रजी भाषकांना हा त्रास मुख्यतः त्यांच्या 'पी' आणि 'बी' या अक्षरांनी होतो. मराठीत महाप्राणांची वेगळी रांगच असल्यामुळे 'भाऊ', 'फार', 'थोडे', 'खूप' असे रोजचे शब्दही झोत सोडतात. त्यावर दोन उपाय आहेत. माइक आणि तोंड यांच्यामध्ये ताणलेल्या जाळीची चकती लावावी. ती बाजारात पॉप फिल्टर या नावाने मिळते आणि भरतकामाच्या गोल चौकटीवर पातळ नायलॉनचे कापड ताणूनही तयार होते. दुसरा उपाय फुकटचा आहे. माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत ठेवावा आणि त्याचे तोंड आपल्या तोंडाकडे वळवावे. झोत सरळ पुढे निघून जातो, आवाज मात्र सर्व दिशांना पसरत असल्यामुळे माइकपर्यंत पोहोचतो. 'स' आणि 'च' यांची शीळ कानाला बोचत असेल तर तिच्यावरही याच तिरकेपणाचा गुण येतो.

आता खोलीकडे वळू. आपली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी, काचेच्या खिडक्या आणि थोडे सामान अशी खोली थंड राहते, पण आवाजाला मऊ जागाच सापडत नाही. तो भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणीत शेपूट ऐकू आले तर तीच शेपूट प्रत्येक शब्दाला चिकटणार, हे निश्चित समजावे. अशा खोलीत कितीही उंची माइक नेला तरी तो ती शेपूट अधिक इमानदारीने दाखवील. त्यावरचा इलाज घरातच असतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, भिंतीला टेकवलेली गादी, दोरीवर टाकलेली जाड गोधडी किंवा वाकळ यांच्या सान्निध्यात आवाज शोषला जातो. गोधडी माइकच्या मागे लावण्याकडे लोकांचा कल असतो. एकदिशी माइक असेल तर ती बोलणाऱ्याच्या पाठीमागे अधिक उपयोगी पडते, कारण माइक त्या बाजूलाच पाहत असतो. टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरूनही आवाज उसळून येतो, तेथे चादरीची चौपदरी घडी टाकावी.

भिंतीवर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. बाहेरचा आवाज त्यांनी अडेल ही समजूत मात्र खरी नाही. आवाज अडवायला वजन लागते, आणि पुठ्ठ्याला वजन नसते. रस्त्याचा गोंगाट, शेजारचा दूरदर्शन संच किंवा पहाटेचे भोंगे यांपुढे घरगुती उपाय थोडेच चालतात. तेथे वेळच निवडावी लागते. अनेक हौशी वाचक रात्री अकरानंतर काम करतात, ते एकांताच्या आवडीने नव्हे. पंखा आणि फ्रिज तेवढ्यापुरते बंद करता येतात, फक्त फ्रिज पुन्हा चालू करण्याची आठवण राहायला हवी.

माइक यंत्राला जोडायचा कसा, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. यूएसबी माइक सरळ संगणकाला जोडता येतो. विद्युत संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारी सामग्री त्याच्या पोटातच असते. एकट्याने वाचणाऱ्यासाठी किंवा बोलणाऱ्यासाठी तो पुरेसा आहे. दुसऱ्या प्रकारात तीन टोकांची एक्सएलआर तार लागते आणि माइक व संगणक यांच्यामध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची वेगळी पेटी घ्यावी लागते. खर्च वाढतो, पण दोन-तीन माइक एकाच वेळी जोडता येतात आणि पुढे माइक बदलला तरी पेटी कायम राहते. दोघे समोरासमोर बसून गप्पा मारणार असतील तर हा मार्ग बरा. दोघांमध्ये एकच माइक ठेवून भागवण्याची काटकसर अखेर महागात पडते, कारण दोघेही त्याच्यापासून दूर राहतात.

प्रसिद्ध माणसाच्या हाती दिसलेला माइक घेण्याचा मोहही याच ठिकाणी तपासून पाहावा. अमेरिकेतील शुअर कंपनीचा एसएम ७ हा डायनॅमिक माइक १९७३ पासून वापरात आहे आणि त्याचे पुढचे रूप असलेला एसएम ७ बी आज कितीतरी पॉडकास्टच्या चित्रफितींत दिसतो. माइक उत्तम आहे यात शंका नाही. पण त्याचा संकेत इतका क्षीण असतो, की तो वापरण्याजोगा करण्यासाठी सुमारे ६० डेसिबलची, म्हणजे हजारपटीची वाढ द्यावी लागते. स्वस्त इंटरफेस तेवढी वाढ देताना स्वतःची खरखर त्यात मिसळतो. स्टुडिओत शोभणारी वस्तू घरच्या साध्या पेटीला जोडल्यावर फिकी पडते, आणि दोष पुन्हा भलत्यालाच लागतो.

हाताशी मोबाइल फोन असताना वेगळा माइक घ्यावाच का, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. आजच्या फोनमधील सूक्ष्म माइक वाईट नसतात. पंखा बंद करून, गोधडीच्या आडोशाला, फोन तोंडापासून वितीवर आणि किंचित बाजूला धरून केलेले ध्वनिमुद्रण, उघड्या खोलीत हातभर अंतरावर ठेवलेल्या महाग माइकला सहज मागे टाकते. पहिले दहा-पंधरा भाग असे करून पाहिले तर आपल्याला खरोखर कशाची उणीव भासते ते कळते. सावध राहावे ते ब्लूटूथ इअरफोनच्या माइकबाबत. बहुतेक ब्लूटूथ इअरफोन बोलण्यासाठी वापरताना आवाजाची वरची वारंवारता छाटून पाठवतात. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे आणि त्यावर 'स' व 'फ' यांची गफलत का होई, हे ज्यांनी पत्ता सांगताना अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

बोलणारी व्यक्ती माइकची सवय नसलेली असेल तर निवडीचे सारे गणित बदलते. घरातील आजीकडून जात्यावरच्या ओव्या, लग्नातील गाणी किंवा जुन्या दुष्काळाच्या आठवणी मुद्रित करायच्या आहेत असे समजू. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांपैकी अनेक गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रितही झाल्या. त्या आवाजांपैकी पुष्कळ आज हयात नाहीत. असे काम दुसऱ्यांदा करता येईलच याची खात्री नसते. पुस्तकाचे पान पुन्हा वाचता येते, पण आजीने एकदा गायलेली ओवी तशीच पुन्हा येत नाही आणि कधीकधी आजीच राहत नाही.

येथे आजींसमोर जाडजूड माइक मांडू नये. त्या अवघडतात, आवाज चोरतात, नाहीतर भाषण करू लागतात. शिवाय बोलताना त्या नातीकडे वळतात, दाराकडे पाहतात, हातवारे करतात; एकदिशी माइकसमोर स्थिर बसणे त्यांना जमत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. कॉलरला लावायचा छोटा सर्वदिशी माइक या कामी सर्वांत सोयीचा. तो छातीवर, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावला की मान वळली तरी अंतर फारसे बदलत नाही, आणि सर्वदिशी असल्यामुळे खर्जही फुगत नाही. खोली थोडी जास्त ऐकू येते, ते सोसावे. लावताना मात्र वस्त्रांकडे लक्ष हवे. पदर माइकवर घासला की सळसळ येते, मंगळसूत्र त्याच्यावर आपटते, हातातल्या काचेच्या बांगड्या वाक्यावाक्याला किणकिणतात. बांगड्या काढायला सांगणे अनेक घरांत अशुभ मानले जाते, तेव्हा तो आग्रह धरू नये. माइक पदराच्या काठावर बाहेरच्या बाजूने, मंगळसूत्रापासून दूर लावावा आणि तार पदराखालून घ्यावी. आवाज मुद्रित होत आहे हे आजींना आधी सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी. लपवून ठेवलेल्या माइकने मिळवलेला नैसर्गिकपणा हा चोरीचा माल असतो.

मुद्रणाची पातळी ठरवताना हात जरा आखडता ठेवावा. संगणकावरील मापकात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. तिच्यावर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. बोलण्यातील सर्वांत मोठा भाग उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. आवाज हळू आला तर नंतर वाढवता येतो. एका माणसाच्या बोलण्याला स्टिरिओची गरज नसते. २००५ साली सुरू झालेल्या 'लिब्रिव्हॉक्स' या पुस्तकवाचनाच्या स्वयंसेवी उपक्रमातही श्राव्य पुस्तके मोनो स्वरूपातच मागवली जातात. मूळ मुद्रण शक्यतो संकोच न केलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावे. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाने मोनो आवाजाची तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते, आणि ती आज कोणालाही परवडते.

स्वतःचा मुद्रित आवाज प्रथम ऐकणाऱ्याला तो हमखास पातळ आणि परका वाटतो. यात माइकचा अपराध नसतो. बोलताना आपला आवाज आपल्याला कानांतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि हाडांतून येणारा भाग खर्जाने भरलेला असतो. माइकला हाडे नाहीत. इतरांना आपला आवाज नेहमी असाच ऐकू येत असतो. केवळ या कारणाने माइक परत करायला निघालेल्या माणसाने तो मुद्रित भाग आधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ऐकवावा.

खरेदीपूर्वी शक्य असेल तर माइक एक दिवस कोणाकडून तरी मागून आणावा. दुकानात कानाला लावून काहीच कळत नाही. तेथील खोली आपली नसते. घरी आणल्यावर एकाच उताऱ्याचे एक मिनिट वाचन तीन जागी करावे: नेहमीच्या टेबलापाशी, उघड्या कपाटासमोर आणि अंथरुणावर गोधडीच्या आडोशाला. उतारा निवडताना त्यात 'भ', 'फ', 'ख' आणि 'स' भरपूर असतील असे पाहावे. प्रत्येक वाचनाच्या आधी दहा सेकंद काहीच न बोलता मुद्रण चालू ठेवावे. नंतर इअरफोन लावून आधी ती दहा सेकंदांची शांतता ऐकावी, मग वाचन. तेच तिन्ही जागी फोननेही करावे. फोन आणि माइक यांतील फरक जागा बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा लहान निघाला, तर पैसे तूर्त जवळच ठेवावेत.

माइक घेतलाच, तर तो धुळीपासून आणि दमटपणापासून जपावा लागतो. कंडेन्सर माइकच्या पडद्याला ओल मानवत नाही. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात तो टेबलावर उघडा राहिला तर मध्येच चुरचुर, फुटफुट असे आवाज येऊ लागतात. काम झाले की तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि औषधांच्या बाटलीत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दोन-तीन पुड्या त्यात टाकून द्याव्यात.